लिनक्स संगणकावरील सेवांची स्थापना आणि आरंभ-स्क्रिप्टमधील दोषांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

जे प्रोग्रॅम कोणा वापरकर्त्याने समोर बसून चालवावयाचे नसतात, तर संगणक सुरू होताच आपोआप सुरू होऊन पडद्यामागे अखंड चालू राहावयाचे असतात, त्यांस लिनक्सच्या परिभाषेत ‘सर्व्हिस’ अथवा ‘डेमन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांस ‘सेवा’ असे म्हटले आहे. वेबसर्व्हर, डेटाबेस, गणनेची कामे रांगेने लावून देणारा प्रोग्रॅम, मापनयंत्राकडून येणारे आकडे टिपून घेणारा प्रोग्रॅम ही सर्व सेवांचीच उदाहरणे होत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. संशोधनसंस्थांतील सर्व्हरही बहुशः याच प्रणालीवर चालतात. त्यामुळे ज्याचा मूळ विषय संगणकशास्त्र नाही अशा संशोधकावरही केव्हा ना केव्हा एखादी सेवा स्वतः स्थापन करण्याचा प्रसंग येतो.

अशा प्रसंगी जो अनुभव वारंवार येतो तो असा. पॅकेज उतरवून घेतले जाते, फाइली आपापल्या जागी ठेविल्या जातात, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर ‘आरंभ-स्क्रिप्ट अयशस्वी झाली’ अशा अर्थाचा एक त्रोटक संदेश येऊन सर्व काम थांबते. पुष्कळ जण अशा वेळी पॅकेज काढून पुन्हा बसवितात, अथवा दुसऱ्या कोणाला लागू पडलेला उपाय जसाच्या तसा करून पाहतात. कधी कधी त्याने गुणही येतो. परंतु दोष कोणता होता हे अज्ञातच राहते, आणि जो दोष समजला नाही तो पुन्हा उद्भवणार नाही याची शाश्वती कोणीच देऊ शकत नाही. या दोषांचे मूळ कोठे असते, ते कोणत्या क्रमाने शोधावे, आणि ते झाकून टाकण्याचा मोह का आवरावा, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

२. आरंभपद्धतीचा इतिहास

लिनक्सचा कर्नल स्मृतीत आल्यानंतर तो पहिली म्हणून एकच प्रोसेस सुरू करतो. तिचा क्रमांक १ असतो आणि तिला परंपरेने ‘इनिट’ म्हणतात. बाकीच्या सर्व सेवा सुरू करणे हे तिचे काम. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्ह या प्रणालीतून जी पद्धत लिनक्समध्ये आली तीत प्रत्येक सेवेसाठी एक शेल-स्क्रिप्ट ‘इनिट.डी’ या डिरेक्टरीत ठेविलेली असे. त्या स्क्रिप्टला ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘स्टेटस’ यांसारखा एक शब्द द्यावयाचा आणि तिने तदनुसार वागावयाचे, असा हा साधा करार होता. कोणत्या रनलेव्हलमध्ये कोणती सेवा चालावी हे ठरविण्यासाठी वेगळ्या डिरेक्टरीत त्या स्क्रिप्टकडे निर्देश करणारे दुवे असत. दुव्याच्या नावातील पहिले अक्षर ‘एस’ असल्यास सेवा सुरू करावयाची आणि ‘के’ असल्यास बंद करावयाची. त्यापुढील दोन अंकांवरून क्रम ठरे.

हा क्रम हाताने लावण्यात चुका होत. म्हणून लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणसंहितेने स्क्रिप्टच्या प्रारंभीच टिप्पणीच्या रूपाने एक शीर्षभाग लिहिण्याची पद्धत घालून दिली. ही सेवा काय पुरविते, तिच्या आधी काय सुरू झालेले असावे, ती कोणत्या रनलेव्हलमध्ये चालावी, या गोष्टी त्यात नोंदवावयाच्या असतात. डेबियनने २०११ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून या शीर्षभागावरून क्रम लावण्याची रीत सर्वसामान्य केली.

पुढे लेनार्ट पोटरिंग यांनी २०१० साली ‘सिस्टिमडी’ या नव्या व्यवस्थेची घोषणा केली. फेडोराने २०११ साली, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने २०१४ साली, आणि डेबियन व उबुंटू यांनी २०१५ साली तिचा स्वीकार केला. या व्यवस्थेत शेल-स्क्रिप्टऐवजी ‘युनिट फाइल’ नावाची एक वर्णनात्मक फाइल असते. सेवा कशी सुरू करावी याची कृती तीत लिहावयाची नसते; कोणता प्रोग्रॅम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कशानंतर सुरू व्हावा, एवढेच सांगावयाचे असते. जुन्या स्क्रिप्टांसाठी सिस्टिमडीने एक अनुवादक ठेविला. तो प्रत्येक जुन्या स्क्रिप्टभोवती एक युनिट आपोआप रचीत असे. परंतु २०२३ सालच्या २५४ व्या आवृत्तीबरोबर हा आधार पुढे काढून घेतला जाईल असे जाहीर करण्यात आले. तेव्हा जुनी स्क्रिप्ट नव्या व्यवस्थेत चालवू पाहणाऱ्याने हे संक्रमण ध्यानात ठेविले पाहिजे; कारण आज आढळणारे पुष्कळसे दोष या दोन व्यवस्थांच्या सांध्यावरच उत्पन्न होतात.

३. संदेश कोठून येतो

दोषाचा संदेश वाचण्यापूर्वी तो किती हातांतून आपल्यापर्यंत येतो हे पाहणे अवश्य आहे. डेबियन वा उबुंटू यांवर ‘ॲप्ट’ हे साधन ‘डीपीकेजी’ या साधनाला काम देते. डीपीकेजी पॅकेजमधील फाइली उलगडते आणि नंतर पॅकेजकर्त्याने लिहिलेली ‘पोस्टइन्स्ट’ नावाची स्क्रिप्ट चालविते. ती स्क्रिप्ट सेवा सुरू करण्याची आज्ञा देते. ती आज्ञा सिस्टिमडीकडे जाते. सिस्टिमडी आरंभ-स्क्रिप्ट किंवा प्रत्यक्ष प्रोग्रॅम चालविते. या साखळीत खालून वर जाणारी वस्तू फक्त एकच असते, ती म्हणजे एक्झिट कोड. काम यशस्वी झाल्यास शून्य, न झाल्यास अन्य कोणता तरी अंक, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पडद्यावर सर्वांत शेवटी दिसणारी ओळ ही साखळीतील सर्वांत वरच्या कडीची, अर्थात् मूळ कारणापासून सर्वांत दूर असलेल्या कडीची असते. ‘डीपीकेजीने चुकीचा कोड १ परत केला’ हे वाक्य रोग्याला ताप आहे एवढेच सांगते. ताप कशाचा हे सांगत नाही. तथापि अनेक जण नेमकी हीच ओळ उचलून तिच्यावर उपाय शोधीत बसतात.

या विफलतेचे परिणाम त्या एका सेवेपुरते मर्यादित राहात नाहीत. पोस्टइन्स्ट अयशस्वी झाल्यास डीपीकेजी त्या पॅकेजची नोंद ‘अर्धवट मांडणी झालेले’ अशी करते. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही मग अडून राहतात, आणि पुढे प्रत्येक वेळी ॲप्ट चालविले की ते अपुरे काम पुन्हा हाती घेतले जाऊन तोच दोष पुन्हा दिसतो. रेड हॅट व फेडोरा यांच्या परंपरेत सेवा बसविताक्षणीच सुरू करण्याचा प्रघात नाही. त्यामुळे तेथे तोच दोष स्थापनेच्या वेळी न दिसता प्रशासकाने पहिल्यांदा सेवा सुरू केली म्हणजे प्रकट होतो. दोष एकच, प्रकट होण्याची वेळ मात्र वेगळी.

४. दोषांचे वर्गीकरण

आरंभ-स्क्रिप्टमधील दोषांचे पाच वर्ग पाडता येतात. हे वर्ग पाडण्याचा हेतू असा की, प्रत्येक वर्गाची तपासणी करण्याचे साधन निराळे आहे.

(अ) फाइलीच्या बाह्य स्वरूपातील दोष. स्क्रिप्टची पहिली ओळ ‘#!’ या दोन चिन्हांनी सुरू होते व त्यापुढे ती स्क्रिप्ट वाचणाऱ्या शेलचा मार्ग दिलेला असतो. कर्नल ही ओळ अक्षरशः वाचतो. फाइल विंडोजवर लिहिली असल्यास प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ हे एक अदृश्य चिन्ह अधिक येते. मग कर्नल शेलच्या नावापुढे ते चिन्ह जोडलेल्या, अर्थात् कोठेच नसलेल्या, प्रोग्रॅमचा शोध घेतो आणि ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असे सांगतो. समोर फाइल दिसत असताना ती नाही असे सांगणारा हा संदेश नवशिक्याला बुचकळ्यात टाकतो. परंतु जी नाही ती फाइल म्हणजे स्क्रिप्ट नव्हे, तर तिचा वाचक, हे ओळखले की कोडे सुटते.

काही संपादक फाइलीच्या प्रारंभी युनिकोडचे तीन बाइटांचे एक निशाण घालतात. त्यामुळे ‘#!’ ही चिन्हे पहिल्या स्थानी राहात नाहीत आणि कर्नलला फाइलीचा प्रकारच ओळखता येत नाही. पहिली ओळ मुळीच नसली तरी असेच घडते. येथे एक चमत्कारिक भेद आढळतो. तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर हाताने चालविली तर चालते. कारण कर्नलने नकार दिल्यावर शेल स्वतःच ती वाचू लागतो. सिस्टिमडी मात्र अशी सवलत देत नाही. ती ‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ असे नोंदवून २०३ या कोडासह थांबते. ‘हाताने चालते, सेवा म्हणून चालत नाही’ या तक्रारीचे हे एक कारण होय.

याच वर्गात परवानगीचे दोष येतात. फाइलीला चालविण्याची परवानगी नसणे, ती ‘नोएक्झेक’ पर्यायाने जोडलेल्या विभागावर असणे, किंवा एसई-लिनक्स असलेल्या संगणकावर फाइलीची सुरक्षा-खूण चुकीची असणे, हे त्यांतील प्रमुख होत. वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतून फाइल ‘एमव्ही’ या आज्ञेने हलविली तर जुनी खूण तिच्याबरोबरच जाते. नव्या जागेला योग्य अशी खूण देण्यासाठी ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा चालवावी लागते.

(आ) भाषेतील दोष. ‘एसएच’ या नावामागे कोणता शेल आहे हे सर्व वितरणांत एकच नसते. उबुंटूने २००६ साली आणि डेबियनने २०११ साली त्या जागी ‘बॅश’ऐवजी ‘डॅश’ हा लहान व वेगवान शेल ठेविला. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एसएच लिहिले आहे, पण आत दुहेरी चौकटी कंस, ॲरे किंवा ‘सोर्स’ ही आज्ञा यांसारख्या केवळ बॅशच्या लकबी वापरल्या आहेत, ती अशा ठिकाणी चालत नाही. काही चुका डॅश वाक्यरचनेचा दोष म्हणून ताबडतोब दाखवितो. परंतु दुहेरी चौकटी कंस ही त्याच्या दृष्टीने केवळ एक न सापडलेली आज्ञा असते. ती सापडली नाही म्हणून अट खोटी ठरते, आणि स्क्रिप्ट न थांबता चुकीच्या शाखेत जाते. हा प्रकार अधिक घातक आहे.

वितरणांतील भेदही येथेच मोजावा. रेड हॅटच्या जुन्या स्क्रिप्टा ‘फंक्शन्स’ नावाच्या एका सामायिक फाइलीतील ‘डेमन’, ‘किलप्रॉक’ इत्यादी फंक्शनांवर अवलंबून असतात. डेबियनमध्ये ती फाइल त्या जागी नसते आणि तेच काम ‘स्टार्ट-स्टॉप-डेमन’ या साधनाने केले जाते. तेव्हा एका वितरणाची स्क्रिप्ट दुसऱ्यावर नेणे म्हणजे नुसती फाइल उचलून ठेवणे नव्हे.

(इ) शीर्षभागातील दोष. लिनक्स स्टँडर्ड बेसचा शीर्षभाग नसेल, तर डेबियनचे ‘इन्सर्व्ह’ हे साधन तशी ताकीद देते. दोन सेवांनी परस्परांची आधी अपेक्षा केली असेल, तर त्यांच्यात चक्र निर्माण झाल्याची तक्रार करते. रेड हॅटच्या ‘चेककॉन्फिग’ या साधनाला स्क्रिप्टमध्ये स्वतःच्या नावाची, रनलेव्हल व क्रमांक देणारी टिप्पणी लागते. ती नसल्यास ही सेवा आपल्याला हाताळता येत नाही असे ते कळविते. टिप्पणी ही केवळ माणसाने वाचावयाची वस्तू आहे असा समज असणाऱ्यांची येथे फसगत होते. या टिप्पण्या यंत्रही वाचते, आणि त्यातील एखादा विसर्ग-चिन्हासारखा कोलन गळला तरी तिचा अर्थ बदलतो.

(ई) परिस्थितीतील दोष. टर्मिनलवर बसलेल्या माणसाभोवती त्याच्या लॉगिनने तयार केलेली एक परिस्थिती असते. प्रोग्रॅम शोधण्याचे मार्ग, होम डिरेक्टरी, भाषा, चालू डिरेक्टरी हे सर्व तीत येते. सेवेला यांपैकी फारच थोडे मिळते. ‘सर्व्हिस’ ही आज्ञाही बहुतेक सर्व परिस्थिती पुसून टाकून, मूळ डिरेक्टरीत जाऊन मगच स्क्रिप्ट चालविते. म्हणून ज्या स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहिलेला नाही, किंवा जी एखादे जावा वा पायथन अमुक ठिकाणी असेल असे गृहीत धरते, ती हाताने चालते आणि सेवा म्हणून अडखळते. अशा वेळी शेलकडून येणारा १२७ हा कोड ‘आज्ञा सापडली नाही’ असे, आणि १२६ हा कोड ‘सापडली, पण चालविता येत नाही’ असे सांगतो.

‘रन’ या डिरेक्टरीचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. ती स्मृतीतच वसलेली असल्यामुळे संगणक बंद होताच तिच्यातील सर्व नाहीसे होते. स्थापनेच्या वेळी तीत एखादी उपडिरेक्टरी निर्माण केली, तर त्या दिवशी सेवा उत्तम चालते; पुढच्या खेपेस संगणक सुरू झाल्यावर मात्र ती जागा नसल्यामुळे सेवा कोसळते. युनिट फाइलीत ‘रनटाइम-डिरेक्टरी’ हा निर्देश देणे हा त्यावरील योग्य उपाय होय.

(उ) ‘सुरू झाली’ या शब्दाच्या अर्थाविषयीचे दोष. जुन्या पद्धतीचा डेमन स्वतःची एक प्रत काढून तिला पार्श्वभूमीवर सोडतो व मूळ प्रोसेस संपवितो. सिस्टिमडीत या वर्तनाला ‘फोर्किंग’ हा प्रकार सांगावा लागतो. जो प्रोग्रॅम समोरच चालू राहतो त्याला ‘सिंपल’. हे दोन प्रकार उलटसुलट झाले की दोन वेगळे दोष दिसतात. समोर चालणाऱ्या प्रोग्रॅमला फोर्किंग म्हटले, तर सिस्टिमडी मूळ प्रोसेस संपण्याची वाट पाहात राहते आणि सर्वसाधारणपणे ९० सेकंदांनी मुदत संपली म्हणून धडधाकट सेवा मारून टाकते. उलट, पार्श्वभूमीवर जाणाऱ्या प्रोग्रॅमला सिंपल म्हटले, तर मूळ प्रोसेस संपताच सेवाच संपली असे समजून उरलेली प्रतही बंद केली जाते. प्रोसेसचा क्रमांक ज्या फाइलीत लिहावयाचा तिचा मार्ग युनिटमध्ये एक व प्रोग्रॅममध्ये दुसरा असला, तरी असाच घोटाळा होतो.

यांखेरीज ज्यांस स्क्रिप्टचे दोष म्हणता येणार नाही, परंतु जे तिच्याच तोंडून बाहेर पडतात, असेही काही असतात. प्रोग्रॅमच्या मांडणीच्या फाइलीत चूक असणे, त्याला हवे असलेले पोर्ट दुसऱ्या सेवेने आधीच घेतलेले असणे, ही त्यांची उदाहरणे. ज्या संगणकावर अपाचे ८० क्रमांकाच्या पोर्टवर चालू आहे तेथे त्याच पोर्टवर एन्जिनएक्स बसवू पाहिल्यास त्याची आरंभक्रिया अयशस्वी होणारच. त्यात स्क्रिप्टचा काहीही अपराध नाही.

५. निदानाचा क्रम

वरील वर्गीकरण ध्यानात घेतले असता तपासणीचा क्रम सहज ठरविता येतो. खालच्या कडीपासून वर यावयाचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हे त्याचे दोन नियम.

प्रथम सिस्टिमडीच्या ‘स्टेटस’ आज्ञेने सेवेची स्थिती पाहावी आणि ‘जर्नलसीटीएल’ने त्या युनिटची चालू सत्रातील सर्व नोंद वाचावी. ही नोंद खालून वर न वाचता वरून खाली वाचावी. कारण पहिला दोष हा बहुधा खरा असतो व पुढचे त्याचे परिणाम असतात. वारंवार प्रयत्न झाले असल्यास ‘फार लवकर लवकर पुन्हा सुरू करण्याची विनंती झाली’ अशी ओळ शेवटी दिसते. ठराविक काळात, सर्वसाधारणपणे १० सेकंदांत ५ पेक्षा अधिक प्रयत्न झाले म्हणजे सिस्टिमडी पुढील प्रयत्न नाकारते, एवढाच तिचा अर्थ. मूळ कारण तिच्या आधी कोठे तरी नोंदलेले असते.

दुसरे, कोड पाहावा. २०३ असल्यास प्रोग्रॅम चालविताच आला नाही, म्हणजे दोष (अ) वर्गातील आहे. २०० असल्यास नेमून दिलेल्या डिरेक्टरीत जाता आले नाही; २१७ असल्यास युनिटमध्ये लिहिलेला वापरकर्ता मिळाला नाही. हे २०० पासूनचे कोड दिसल्यास बहुधा प्रोग्रॅमची पाळी येण्यापूर्वीच काम अडले आहे असे समजावे. लहान अंक असल्यास प्रोग्रॅम वा स्क्रिप्ट चालली आणि तिने स्वतः तक्रार केली.

तिसरे, फाइल तपासावी. ‘फाइल’ याच नावाची आज्ञा ओळींच्या शेवटी विंडोजची चिन्हे असल्यास तसे सांगते. ‘ओडी’ ही आज्ञा पहिल्या ओळीतील अदृश्य बाइट दाखविते. चौथे, शेलला ‘एन’ हा पर्याय देऊन स्क्रिप्ट न चालविता केवळ तिची वाक्यरचना तपासावी, आणि ‘एक्स’ हा पर्याय देऊन प्रत्येक ओळ कशी अमलात येते ते पाहावे. ही तपासणी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जो शेल लिहिला आहे त्याच शेलने, आणि ‘एन्व्ह’ या आज्ञेने परिस्थिती रिकामी करून केली पाहिजे. एरवी तपासणीची परिस्थिती व सेवेची परिस्थिती निराळी राहून निष्कर्ष चुकतो. पाचवे, मूळ प्रोग्रॅम सेवेच्याच वापरकर्त्याच्या नावाने समोर चालवून पाहावा. एन्जिनएक्स, अपाचे, एसएसएचडी यांसारख्या प्रोग्रॅमांत मांडणीची फाइल केवळ तपासण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

हा क्रम एका कल्पित उदाहरणावर लावून पाहू. एका विभागात तापमापकाचे आकडे टिपणारी सेवा बसवावयाची आहे. पहिल्या प्रयत्नात २०३ हा कोड आणि ‘अशी फाइल नाही’ हा संदेश मिळतो. फाइल तर जागेवर आहे. ‘फाइल’ आज्ञेने विंडोजची ओळ-समाप्ती उघड होते. ती काढली जाते. दुसऱ्या प्रयत्नात कोड बदलून ६ होतो आणि ‘मांडणीची फाइल सापडली नाही’ असे स्क्रिप्ट स्वतः म्हणते. तीही फाइल जागेवर आहे. येथे अननुभवी मनुष्य मांडणीच्या फाइलीची परवानगी बदलीत बसेल. परंतु जर्नलमध्ये त्याच्या एक ओळ आधी दुहेरी कंसाची ‘आज्ञा’ सापडली नाही अशी नोंद आहे. म्हणजे फाइल आहे की नाही हे पाहणारी अट डॅशला समजलीच नाही व ती खोटी ठरली. कंस एकेरी करताच सेवा सुरू होते. तिसऱ्या दिवशी संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती पुन्हा बंद आढळते. कारण प्रोसेस-क्रमांकाच्या फाइलीसाठी ‘रन’मध्ये हाताने केलेली उपडिरेक्टरी नाहीशी झाली आहे.

या उदाहरणात एकामागे एक असे तीन स्वतंत्र दोष होते. प्रत्येक दुरुस्तीनंतर सेवा चालू झाली नाही, पण संदेश बदलला. संदेश बदलणे हीच प्रगती होय, हे ज्याला समजले नाही तो पहिली योग्य दुरुस्ती निरुपयोगी समजून मागे घेतो आणि मग कधीच पैलतीर गाठीत नाही.

दुरुस्तीनंतर सिस्टिमडीला युनिट फाइली पुन्हा वाचावयास सांगावे, विफलतेची जुनी नोंद पुसावी, सेवा सुरू करावी, आणि शक्य असल्यास संगणक एकदा पुन्हा सुरू करून पाहावा. एवढे झाल्यावरच डीपीकेजीला अपुरी राहिलेली मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा द्यावी. हा क्रम उलटा केल्यास जुनाच दोष पुन्हा पदरी येतो.

६. खोट्या यशाचा प्रश्न

आता एका अशा उपायाचा विचार केला पाहिजे, जो तत्काळ गुण देतो आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. पोस्टइन्स्टला केवळ एक्झिट कोड कळतो हे ओळखून काही जण आरंभ-स्क्रिप्टच्या शेवटी ‘एक्झिट ०’ ही ओळ घालतात. स्थापना निर्वेधपणे पार पडते आणि ॲप्टची तक्रार थांबते. सेवा मात्र बंदच असते.

वस्तुतः हा दोष न कळतही घडतो. शेल-स्क्रिप्टमध्ये स्वतंत्रपणे कोड दिला नसेल, तर शेवटच्या आज्ञेचा कोड हाच स्क्रिप्टचा कोड होतो. शेवटची ओळ ‘सेवा सुरू झाली’ असे छापणारी असेल, तर छापण्याचे काम यशस्वी होतेच. म्हणून प्रोग्रॅम कोसळला तरी स्क्रिप्ट शून्यच परत करते. याच्या उलटही घडते. शेवटच्या ओळीत एखादी ऐच्छिक अट तपासली असेल आणि ती खोटी निघाली, तर सेवा उत्तम चालू असताना स्क्रिप्ट १ हा कोड परत करते व स्थापना विनाकारण अडते. जुन्या स्क्रिप्टभोवती सिस्टिमडी जे युनिट रचते त्यात प्रोसेस-क्रमांकाची फाइल सांगितलेली नसल्यास, स्क्रिप्ट शून्य देऊन संपली की सेवा ‘ॲक्टिव्ह, एक्झिटेड’ अशी दिसते. या पहिल्या शब्दावर विसंबून राहणाऱ्याने दुसऱ्या शब्दाकडे अवश्य पाहावे. तेथे चालू अशी एकही प्रोसेस नसण्याचा संभव आहे.

लिनक्स स्टँडर्ड बेसने या बाबतीत स्पष्ट संकेत घालून दिले आहेत. ‘स्टेटस’ विचारले असता सेवा चालू असेल तर ०, बंद असून प्रोसेस-क्रमांकाची फाइल मागे राहिली असेल तर १, आणि सरळ बंद असेल तर ३ हा कोड द्यावा. ‘स्टार्ट’ला उत्तर देताना परवानगी अपुरी असल्यास ४, प्रोग्रॅमच बसविलेला नसल्यास ५, मांडणी झालेली नसल्यास ६. आधीच चालू असलेली सेवा सुरू करावयास सांगितली, किंवा बंद असलेली सेवा बंद करावयास सांगितली, तर ते यशच मानावे. या शेवटच्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पॅकेज काढून टाकताना किंवा नवी आवृत्ती बसविताना कितीतरी स्थापना अडून बसतात. बंद सेवा पुन्हा बंद करता आली नाही, एवढेच त्याचे कारण असते.

एक्झिट कोड ही औपचारिकता नव्हे. ते स्क्रिप्टने दिलेले साक्षीचे वचन आहे. संशोधनकार्यात या वचनाचे मोल अधिकच आहे. वेबसर्व्हर बंद पडला तर कोणी ना कोणी तासाभरात ओरड करील. परंतु रात्रभर आकडे टिपणारी किंवा पहाटे डेटाची प्रत काढून ठेवणारी सेवा खोटे यश सांगून स्वस्थ बसली, तर कित्येक आठवडे कोणाच्याही ध्यानात येत नाही. आणि जेव्हा येते तेव्हा गेलेला काळ परत आणून ती निरीक्षणे पुन्हा घेता येत नाहीत. जी स्क्रिप्ट प्रामाणिकपणे अयशस्वी होते ती आपला एक तास घेते. जी खोटेपणाने यशस्वी होते ती एखाद्या प्रबंधाचा आधारच काढून घेऊ शकते. सेवा तूर्त सुरू करावयाचीच नसेल, तर त्यासाठी उजळ मार्ग आहेत. डेबियनमध्ये ‘पॉलिसी-आरसी.डी’ या स्क्रिप्टने १०१ हा कोड देऊन स्थापनेच्या वेळी सेवा सुरू करण्यास मनाई करता येते. सिस्टिमडीत सेवा ‘मास्क’ करता येते. या दोहोंत मनाई ही मनाई म्हणूनच नोंदली जाते. विफलतेला यशाचा वेष चढविला जात नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, आरंभ-स्क्रिप्टमधील दोष वरवर कितीही नानाविध दिसले तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एखादा मोडलेला करार असतो. तो फाइल व कर्नल यांच्यातील असेल, स्क्रिप्ट व शेल यांच्यातील असेल, किंवा सेवा व तिची देखरेख करणारी व्यवस्था यांच्यातील असेल. ज्या दोन पक्षांत तो मोडला ते पक्ष ओळखणे म्हणजेच निदान होय. त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक लिनक्स संगणकावर थोड्याफार फरकाने उपलब्ध आहेत. उणीव असते ती नोंद शांतपणे, आरंभापासून वाचण्याची. विभागातील जे विद्यार्थी स्वतः सेवा लिहितात त्यांनी जुन्या धर्तीची स्क्रिप्ट न रचता युनिट फाइलच लिहावी, तिच्यात मार्ग पूर्ण द्यावेत, वापरकर्ता स्पष्ट सांगावा, आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहिल्याखेरीज स्थापना पूर्ण झाली असे समजू नये. आणि कोणताही दोष दूर झाल्यावर तो कोणता होता, कोणत्या नोंदीवरून ओळखला व कोणत्या एका बदलाने गेला, हे तीन ओळींत प्रयोगवहीत लिहून ठेवावे. पुढे त्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तीन ओळींचा उपयोग कोणत्याही तयार उपायापेक्षा अधिक होईल.